नावं ठेवण्याचा धंदा

माणसाने कॉमर्स शिकावं, पण व्यापार करू नये, हे माझं मत २०१५ सालच्या डिसेंबरपर्यंत अगदी पक्कं होतं. बी. कॉम. झालेला माणूस दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब ठेवण्यासाठी जन्माला आलेला असतो. मी तो गेली वीसएक वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून ठेवतो आहे. माझ्या समोरून रोज लाखो रुपये जातात आणि त्यांची माझी ओळख व्हाउचरवरच्या शिक्क्यापलीकडे वाढत नाही. आचाऱ्याने चव घेऊ नये, तसंच हे.

आता ओट्याबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा कडाप्प्याचा होता आणि तो मधोमध तडकलेला होता. तडा साधारण गॅसच्या शेगडीपासून निघून सिंककडे जायचा. त्यात कणीक जायची, मग मुंग्या जायच्या, मग बायको माझ्याकडे बघायची. शेवटी २०१३ च्या डिसेंबरात आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, म्हणजे तिने ठरवलं आणि मी फॉर्म भरला, की ओट्यासाठी दरमहा दोन हजारांचं रिकरिंग काढायचं. दोन वर्षांनी ते पिकलं. बावन्न हजार आणि वर काही शे. गवंडी येऊन माप घेऊन गेला होता. ग्रॅनाइटचा काळा की तपकिरी, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

आणि त्याच आठवड्यात तो मुलगा काउंटरवर आला.

वय बावीस-तेवीस, पायात स्लिपर, पाठीवर दप्तर. आमच्या ब्रँचला परदेशी पैसा येतो तो अमेरिकेतल्या मुलाने आईला दिवाळीला पाठवलेला. याच्या खात्यात मात्र एकोणीसशे डॉलर येऊन उभे होते. परदेशी पैसा आला की तो कशाचा हे लिहून घ्यावं लागतं, त्यासाठी रिझर्व्ह बँकेने कोड ठरवून दिलेले आहेत. मी यादी पुढे ओढली आणि विचारलं,

"कशाचे हे पैसे?"

"नाव विकलं, काका."

"कोणाचं?"

"कोणाचंच नाही. चार अक्षरं होती, डॉट कॉमची. चीनमधल्या एकाने घेतली."

"अर्थ काय होता त्यांचा?"

"काहीच नाही. अर्थ असता तर आधीच कोणीतरी घेऊन नसतं का टाकलं?"

पासिंग ऑफिसरांनी हेड ऑफिसला फोन लावला. तिथल्या माणसानेही पहिला प्रश्न "कोणाचं नाव?" असाच विचारला. कोड शेवटी सापडला. पण मला त्या रात्री झोप सापडेना. एकोणीसशे डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वा लाखाच्या आसपास. माझ्या हातात पडणारा चार महिन्यांचा पगार. तोही चार अक्षरांना! मी रोज किमान चार हजार अक्षरं लिहितो, तीही अर्थ असलेली.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा पासबुक भरायला आला तेव्हा मी त्याला चहा पाजला. (खातेदाराला मी स्वतःच्या खिशातून पाजलेला हा पहिला आणि शेवटचा चहा.) त्याने जे सांगितलं ते असं.

इंटरनेटवरचं नाव हे दुकानाच्या पाटीसारखं असतं. एका नावाची पाटी जगात एकच. चिनी माणसाची लिपी चित्रांची, पण पत्ता टाइप करायचा तो रोमन अक्षरांत किंवा आकड्यांत. मग तिथल्या कंपन्या काय करतात, तर आपल्या नावातल्या शब्दांची आद्याक्षरं उचलतात. आपण नाही का म.न.पा. म्हणत, तसंच. जिंगडाँग नावाची प्रचंड मोठी दुकानदार कंपनी आहे, तिने २०१३ मध्ये आपलं जुनं लांबलचक नाव टाकून 'जेडी' हे दोन अक्षरी नाव घेतलं. मोबाइलवाल्या शाओमीने २०१४ मध्ये 'एमआय' या दोन अक्षरांसाठी छत्तीस लाख डॉलर मोजले. २०१५ मध्ये एका चिनी कंपनीने '३६०' हा आकडा व्होडाफोनकडून घेतला, तेव्हा छापून आलेली किंमत एक कोटी सत्तर लाख डॉलर. शून्य धरून तीन आकडे!

आता गंमत अशी, की चिनी उच्चार रोमनमध्ये लिहिताना आय आणि यू या अक्षरांनी शब्द सुरूच होत नाही. ए, ई, ओ यांनी क्वचित होतो. आणि व्ही तर लागतच नाही. म्हणजे आद्याक्षरांच्या धंद्यात ही सहा अक्षरं बिनकामाची. ज्या नावात एकही स्वर नाही आणि व्ही नाही, ते नाव चिनी बाजारात उत्तम. आयुष्यभर मी काना, मात्रा, वेलांटी जपत आलो, आणि इथे ज्याच्या अंगावर एकही दागिना नाही त्या शब्दाला मागणी. सव्वीसातून सहा गेली, उरली वीस. वीस अक्षरांची चार-चारांची नावं किती होतील? एक लाख साठ हजार. सगळी केव्हाच गेलेली, आणि त्यांचा भाव दीड-दोन हजार डॉलरवर पोचलेला. पाच-पाचांची मात्र बत्तीस लाख होतात, आणि त्यांतली पुष्कळ अजून मोकळी पडून होती. सातशे रुपयांना एक. हे गणित मी पावतीच्या मागे तीनदा करून पाहिलं. बरोबर होतं. पुढे जे झालं त्याला माझं गणित जबाबदार नव्हतं, हे कॉमर्स शाखेच्या अब्रूसाठी नमूद करतो.

"पण चिनी लोक एवढे का घेताहेत?" मी विचारलं.

"काका, जूनपासून त्यांचा शेअरबाजार आपटलाय. लोकांच्या हातात पैसा आहे, टाकायचा कुठे? मग नावांत टाकतात."

इथे वास्तविक माझ्यातल्या बँकरने उठून टेबलावर हात मारायला हवा होता. एका बाजारातून पळालेला पैसा ज्या दुसऱ्या बाजारात शिरतो, तिथे तो राहायला येत नाही, पाणी प्यायला येतो. कर्जाच्या अर्जावर हे मी बिनचूक सांगितलं असतं. पण तो अर्ज दुसऱ्याचा असता.

शिवाय आकड्यांचा मोह वेगळाच. चिनी माणसाचं आकड्यांवर फार प्रेम. आठ हा आकडा उच्चाराला भरभराटीच्या जवळ, म्हणून तो लाडका. बीजिंगचं ऑलिंपिक त्यांनी २००८ सालच्या आठव्या महिन्याच्या आठ तारखेला रात्री आठ वाजता सुरू केलं. त्याआधी २००३ मध्ये तिथल्या एका विमान कंपनीने आठ वेळा आठ असलेला टेलिफोन नंबर लिलावात तेवीस लाख तीस हजार युआनला घेतला होता. चार मात्र अशुभ, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा. कित्येक इमारतींत चौथा मजलाच नसतो. तिसऱ्यावरून लिफ्ट थेट पाचव्यावर. एकशे अडुसष्ट म्हणजे 'वाटेत सगळीकडे भरभराट'. एक्कावन्न म्हणजे 'मला हवंय', म्हणून नोकऱ्यांची जाहिरात करणारी एक कंपनी एक्कावन्नने सुरू होते. हे ऐकून मला फार बरं वाटलं. पाकिटात पन्नासाच्या नोटेबरोबर एक रुपया टाकून एक्कावन्नच द्यायचे, अशा संस्कृतीत मी वाढलेला. हे आपले लोक आहेत, अशी माझी खात्रीच पटली.

सव्वीस डिसेंबर २०१५ च्या रात्री, घरातले सगळे झोपल्यावर, मी साठ नावं घेतली. अडतीस पाच अक्षरी, एकही तोंडाने म्हणता न येणारी. बाकीची बावीस सहा आकडी. बेचाळीस हजार रुपये. शेवटचं बटण दाबताना हात थोडा थरथरला, पण कोटी मोजायला लागायचे तेव्हाही तो असाच थरथरेल, अशी मी मनाची समजूत घातली.

सकाळी बायकोने विचारलं, "गवंड्याला कधी बोलवू?"

"अगं, जरा थांब. पैसे गुंतवलेत."

"कशात?"

"नावांत."

तिने पोळी उलटली, तव्यावर थोडी दाबली आणि म्हणाली, "नावं ठेवायला पैसे लागतात होय? सासूबाई तर फुकट ठेवायच्या."

पहिले दोन महिने मी राजा होतो. काउंटरवर बसून मनातल्या मनात भाव धरायचो. हे आठशे डॉलर, ते बाराशे. गिऱ्हाइकाने दहाची नोट फाटकी दिली तर मी हसून घ्यायचो. चीनबद्दल मिळेल ते वाचायचो. नावाला चिनी भाषेत 'यू-मिंग' म्हणतात आणि मक्याला 'यू-मी', म्हणून नावांची खरेदी-विक्री करणारे तिकडे स्वतःला गमतीने मक्यातली अळी म्हणवतात, हे वाचल्यावर मी आरशात पाहून स्वतःशी 'नमस्कार, अळी' म्हणालो होतो. चीनचं स्वतःचं 'डॉट सीएन' नाव तिथल्या नोंदणीवाल्यांनी २००७ मध्ये एका युआनला वाटलं, तेव्हा लोकांनी लाखोंनी घेतलं. मग डिसेंबर २००९ मध्ये सर्क्युलर काढून कंपनीच्या कागदांशिवाय नाव द्यायचं बंद केलं. मग काही वर्षांनी पुन्हा सर्वसामान्यांना खुलं केलं. हे वाचून तर मला घरी आल्यासारखंच वाटलं. आमच्याकडेही सर्क्युलरं अशीच येतात.

फेब्रुवारीत आमच्या लग्नाचा वाढदिवस आला. भेट द्यायला खिशात काही नव्हतं, सगळं चीनमध्ये अडकलेलं. म्हणून मी तिला एक नाव दाखवलं. त्या सहा आकड्यांत एक-तीन-एक-चार असे ओळीने होते. म्हटलं, "हे बघ. चिनी भाषेत हे आकडे भराभर म्हटले की 'एक आयुष्यभर' असं ऐकू येतं. तिकडची प्रेमात पडलेली मुलं एकमेकांना हेच लिहितात. चार असूनही हा शुभ."

तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"एकच जन्म?"

"हो."

"शहाणी आहेत माणसं. आमच्याकडे सातांचं रिझर्व्हेशन, आणि वड खाली पडेपर्यंत फेऱ्या."

पण तिने ते आकडे पुन्हा एकदा वाचले, हे मी पाहिलं.

मार्चमध्ये क्लोजिंगच्या गडबडीत तो मुलगा पुन्हा आला. मी मोठ्या अभिमानाने त्याला माझी यादी दाखवली. अक्षरांवरून त्याची नजर सरळ खाली गेली. आकड्यांशी थांबली.

"काका, ही अकरा नावं २५० ने का सुरू होतात?"

"मोकळी होती! हजारच्या हजार नावं बघितली, जिकडेतिकडे माणसं, आणि इथे मैदान रिकामं. चिनी लोकांच्या नजरेतून सुटलं असणार."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, चिनीमध्ये अडीचशे म्हणजे मूर्ख. शिवी आहे ती. असं का म्हणतात याच्या त्यांच्याकडेसुद्धा चार-पाच कथा आहेत. तिकडे वस्तूची किंमतसुद्धा सहसा अडीचशे ठेवत नाहीत."

आपल्याकडे दीडशहाणा असतो. तिकडे माणसाला तिथवर पोचायला अडीचशे लागतात. मी एकाच रात्रीत अकरा वेळा पोचलो होतो.

त्यानंतर भाव उतरायला लागले. आम्ही मागून आलेले शहाणे 'ही तात्पुरती घसरण' असं एकमेकांना सांगत राहिलो, आणि उन्हाळा संपेपर्यंत पाच अक्षरी नावाकडे कोणी ढुंकून बघेना. चार अक्षरांची हवेली घसरली, तिथे माझ्या पाच अक्षरांच्या खोपटाला कोण विचारतो? शिवाय मला तोवर एक साधी गोष्ट कळली होती, जी मी बटण दाबण्याआधी वाचायला हवी होती. नाव विकत मिळत नाही. ते भाड्याने मिळतं. दर वर्षी भाडं भरा, नाहीतर खाली करा. किमान शिल्लक नाही म्हणून लोकांच्या खात्यातून दंड कापणारा मी, साठ खोल्यांचा भाडेकरू होऊन बसलो होतो. एकाही खोलीत राहत नव्हतो.

पत्रं मात्र यायची. एक पत्र शांघायहून, की तुमच्या नावाचंच 'डॉट सीएन' एक कंपनी मागते आहे, तुमची हरकत आहे का, असल्यास तुम्हीच आमच्याकडून ताबडतोब घ्या. मी हुरळलो. माझ्या उच्चार न करता येणाऱ्या नावावर दुसऱ्या कोणाचा डोळा! मुलाने सांगितलं, की ही जुनी युक्ती आहे, जगभर अशी पत्रं जातात.

दुसरं पत्र जास्त खोल गेलं. एका गृहस्थांना माझ्या एका नावाचे चार हजार आठशे डॉलर द्यायचे होते. फक्त किंमत योग्य असल्याचा एक दाखला हवा होता. तो एका ठरावीक ठिकाणचाच चालणार होता, आणि त्याची फी साधारण सहा हजार रुपये. ओट्यातले दहा हजार अजून खात्यात होते. मी रात्री कार्ड काढून बसलो.

योगायोग असा, की त्याच दिवशी दुपारी आमच्या पेन्शनरांतल्या एक आजी काउंटरवर आल्या होत्या. त्यांना कुठलीशी परदेशी लॉटरी लागली होती आणि आधी आठ हजार 'प्रोसेसिंग'चे भरायचे होते. मी त्यांना खुर्ची दिली, भिंतीवरचा सावधगिरीचा फलक दाखवला, तो मीच चिकटवलेला आहे, आणि म्हणालो, "आजी, पैसे देणारा माणूस आधी पैसे मागतो का कधी?" आजींनी बराच वेळ विचार केला. मग हळूच म्हणाल्या, "पण बाळा, त्यांनी 'डियर मॅडम' असं लिहिलंय रे. मला आजवर कोणी लिहिलं नव्हतं."

मी कार्ड हातात धरून पत्र पुन्हा वरून वाचलं. सुरुवात 'डियर सर' अशी होती. ब्रँचमध्ये मला 'ए, तीन नंबर' म्हणतात. मी कार्ड पाकिटात ठेवलं. आजींनी आठ हजार भरले नाहीत, आणि मीही सहा हजार भरले नाहीत. पण आम्हा दोघांनाही ते पत्र टाकवत नव्हतं.

मुदत संपणार होती सव्वीस डिसेंबर २०१६ ला. साठ नावांचं भाडं परत चाळीस-पंचेचाळीस हजार. मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका वहीत यादी केली, अगदी आम्ही कर्जाची करतो तशी. धड, कमअस्सल, संशयास्पद, बुडीत. धडच्या रकान्यात काही लिहिता येईना म्हणून मी संशयास्पदपासून सुरुवात केली. ठरवलं, की वीसएक ठेवू. दिवाळीचा अॅडव्हान्स त्यात घालू. आठ नोव्हेंबरला रात्री मी पेन्सिलने खुणा करत बसलो होतो आणि टीव्ही चालू होता.

तारीख आठ, वेळ रात्री आठ. चिनी हिशेबाने याहून उत्तम मुहूर्त काढता आला नसता.

पुढचे पन्नास दिवस बँकेतल्या माणसाचे कसे गेले ते मी इथे सांगणार नाही. ज्यांनी काउंटरच्या बाहेर रांगा लावल्या त्यांना ते माहीत आहे, आणि आम्हीही त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला होतो. पाचशे-हजारच्या नोटांच्या वासाने जेवण जात नव्हतं. रात्री अकराला घरी, सकाळी आठला परत. त्या वहीवर केव्हा धूळ बसली ते मला समजलंच नाही. नावांच्या कंपनीची स्मरणपत्रं घरच्या कॉम्प्युटरवर येऊन पडत होती. एके दिवशी मुलीने झोपेतल्या मला हलवून सांगितलं, "बाबा, तुमचे साठ जण संपत आले." मी म्हटलं, "त्यांना टोकन दे."

मुदत संपली. डॉट कॉम नावाचं मरणसुद्धा मोठं शिस्तीचं असतं. आधी काही दिवस सवलतीचे. मग तीस दिवस, त्यांत भुर्दंड भरून सोडवता येतं. मग पाच दिवस नुसतं निपचित, कोणालाच काही करता येत नाही. मग नाव मोकळं, ज्याला हवं त्याने घ्यावं. मला जाग आली तेव्हा फेब्रुवारी अर्धा संपला होता आणि लग्नाचा वाढदिवसही होऊन गेला होता. मी खातं उघडून पाहिलं. एकोणसाठ नावं गेली होती किंवा वाटेवर होती. अडीचशेची अकराही गेली, त्यांना कोणी अजूनही घेतलेलं नसावं.

एक मात्र जागेवर होतं. एक-तीन-एक-चारवालं.

"हे कोणी भरलं?"

बायको तड्यातली कणीक सुरीने खरवडत होती. "मी. साडेसातशे रुपये. भाजीच्या पैशातून."

"का?"

"बाकीची मला वाचता येईनात," ती म्हणाली.

बेचाळीस हजारांबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही, आणि नंतरही नाही. मी तिच्या बोलण्याची बरेच महिने वाट पाहिली. माझ्या आईने निदान नावं तरी ठेवली असती.

ओटा झाला तो २०२१ मध्ये. नोव्हेंबर २०२० मध्ये बँक कर्मचाऱ्यांचा अकरावा द्विपक्षीय करार झाला, त्याची थकबाकी हातात पडली, आणि मी ती गवंड्याच्या हातात ठेवूनच घरी आलो. काळा ग्रॅनाइट. गवंडी जुनाच होता, त्याने सहा वर्षांपूर्वीचं माप जपून ठेवलं होतं, म्हणाला, "साहेब, मला वाटलंच होतं येईल तुमचा फोन."

दर डिसेंबरात बायको त्या नावाचं भाडं भरते. नाव उघडलं तर आत काही नाही, कोरं पान. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्या नावासाठी पुन्हा एक पत्र आलं. दाखला-बिखला काही मागितलेला नव्हता; विकता का आणि कितीला, एवढंच एका ओळीत. मी ते ओट्याशी उभं राहून तिला वाचून दाखवलं. म्हटलं, "काय कळवू? विकायचं नाही असं लिहू?"

ती लाडू वळत होती. वर न बघता म्हणाली, "नाही कशाला? भाव सांगा. पण एका जन्माचा नको, साताचा सांगा."

मी सातने गुणून कळवलं. अजून उत्तर आलेलं नाही.